भांडुपच्या इतिहासातील एक इंग्रजी आडनाव : अ‍ॅशबर्नर

आडनाव हे वंशाचे निदर्शक मानले जाते. या समजाच्या मर्यादा ‘अ‍ॅशबर्नर’ या नावावरून स्पष्ट होतात. हे मूळचे उत्तर इंग्लंडमधील व्यवसायदर्शक आडनाव असून, राख तयार करणारा असा त्याचा अर्थ आहे. लाकूड जाळून मिळणाऱ्या राखेतील क्षार साबणनिर्मितीसाठी उपयोगात येत असे. आजही लँकेशायर व कंब्रिया या परगण्यांत हे आडनाव प्रामुख्याने आढळते.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी साष्टीतील भांडुपची इस्टेट मुंबईचे आल्डरमन ल्यूक अ‍ॅशबर्नर यांच्याकडे होती. तेथे रम गाळण्याची मोठी भट्टी होती. त्यांचे पारशी व्यवस्थापक कावसजी माणेकजी हे पुढे ‘कावसजी माणेकजी अ‍ॅशबर्नर’ या नावाने ओळखले गेले. पारशी समाजात स्वतःच्या नावापुढे पित्याचे नाव लावण्याची जुनी रीत होती. ‘रेडिमनी’, ‘कॉन्ट्रॅक्टर’ यांसारखी इंग्रजी आडनावे व्यापार-व्यवसायातून रूढ झाली. येथे मात्र धंद्याचे नव्हे, तर मालकाचे नाव जोडले गेले.

सारांश, जुन्या कागदपत्रांत केवळ आडनाव पाहून व्यक्तीचा वंश ठरविणे योग्य नव्हे. तसे केल्यास भांडुपच्या जडणघडणीतील एका पारशी व्यवस्थापकाचा वाटा इंग्रजाच्या खाती जमा होईल.