प्राची यादव : भोपाळच्या छोट्या तलावातून दोन पॅरालिम्पिक अंतिम फेऱ्यांपर्यंत

भोपाळ : टोकियोत आठवी, पॅरिसमध्येही आठवी. पॅरा कॅनोइंगपटू प्राची यादवची कारकीर्द एवढ्याच दोन आकड्यांवरून मोजली तर तीन वर्षांत काहीच बदललं नाही, असं वाटेल. पण या दोन स्पर्धांच्या मधल्या काळात वर्ल्डकपमधलं पदक, आशियाई सुवर्ण आणि अर्जुन पुरस्कार आहे. ती कारकीर्द समजून घ्यायची तर आधी हा खेळ समजून घ्यावा लागतो.

थोडक्यात ओळख

जन्म १९९५, ग्वाल्हेर. जन्मापासून कमरेखालच्या भागात हालचाल नाही, वावर व्हीलचेअरवर. खेळाची सुरुवात पोहण्यापासून. पॅरा जलतरणाच्या राष्ट्रीय स्पर्धांमध्ये तिने पदकं मिळवली होती. तिचे लांब हात पाहून प्रशिक्षक वीरेंद्र कुमार डबास यांनी तिला होडीच्या शर्यतीकडे वळण्याचा सल्ला दिला. त्यानंतर २०१८ मध्ये ती भोपाळला आली आणि मयंक ठाकूर यांच्या मार्गदर्शनाखाली छोट्या तलावात सराव सुरू झाला.

भोपाळचा मोठा तलाव राजा भोजाच्या नावाने ओळखला जातो. त्याला लागून, शहराच्या अगदी मधोमध असलेला छोटा तलाव १७९४ मधला, नवाबी काळातला. पर्यटकांचं लक्ष मोठ्या तलावाकडे असतं. प्राचीची कारकीर्द मात्र या धाकट्या तलावावर घडली.

खेळ काय आहे?

पॅरा कॅनोइंगची शर्यत २०० मीटरची, सरळ रेषेत. होड्या दोन प्रकारच्या. कयाकमध्ये दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं असतं आणि ते आलटून पालटून दोन्ही बाजूंना मारलं जातं. दुसरी होडी पॅसिफिक बेटांकडची, तिला 'वाआ' म्हणतात. तिच्या एका बाजूला तोल सांभाळणारा तरंगता दांडा असतो. कोकणातल्या उलांडीच्या होड्या पाहिलेल्यांना ही रचना लगेच ओळखू येईल. वाआला सुकाणू नसतं आणि वल्ह्याला एकच पातं असतं. वेग वाढवणं आणि होडी सरळ ठेवणं, ही दोन्ही कामं त्या एका वल्ह्यानेच करायची. बाजूने वारा आला की होडी लेन सोडायला बघते. तिला परत सरळ करण्यात जी शक्ती जाते, ती वेगातून वजा होते.

व्हीएल-२ म्हणजे काय?

निकालपत्रात दिसणारी ही अक्षरं म्हणजे गट. 'केएल' म्हणजे कयाक, 'व्हीएल' म्हणजे वाआ. पुढचा आकडा एक ते तीन. आकडा जितका लहान, तितकी शरीराची मर्यादा जास्त. दुसऱ्या गटात धडाचा आणि पायांचा वापर अंशतः करू शकणारे खेळाडू येतात.

धडधाकट वल्हेकरी पायाने रेटा देतो, कंबर वळवतो आणि मग हात ओढतो. म्हणजे बरीचशी ताकद खालून येते. प्राचीला ती मिळत नाही. खांदे, दंड, पाठ आणि धडाची जेवढी साथ मिळेल तेवढी, यावरच सगळा भार. म्हणूनच अशा खेळाडूसाठी बैठक, पाठीचा टेकू आणि पट्टे फार महत्त्वाचे. अंग बैठकीत हललं की वल्ह्याचा जोर पाण्यापर्यंत पोचण्याआधीच वाया जातो. बैठक मापाची नसेल तर नुसत्या मेहनतीने ते नुकसान भरून निघत नाही.

कारकिर्दीचे टप्पे

२०१९ : हंगेरीतल्या सेगेड इथे झालेल्या जागतिक स्पर्धेतून टोकियो पॅरालिम्पिकची पात्रता. भोपाळला येऊन तेव्हा जेमतेम वर्षभर झालं होतं.

२०२१, टोकियो : पॅरालिम्पिकमध्ये उतरलेली पहिली भारतीय पॅरा कॅनोइंगपटू. व्हीएल-२ च्या प्राथमिक शर्यतीत १ मिनिट ११.०९८ सेकंद वेळेसह चौथी. उपांत्य शर्यतीत १ मिनिट ७.३९७ सेकंद आणि तिसरं स्थान. ३ सप्टेंबरच्या अंतिम फेरीत १ मिनिट ७.३२९ सेकंद, आठवं स्थान. सुवर्ण ब्रिटनच्या एमा विग्सला, ५७.०२८ सेकंदांत.

२०२२, पोझनान : पोलंडमधल्या वर्ल्डकपमध्ये व्हीएल-२ प्रकारात कांस्य. या खेळातलं भारताचं हे पहिलं वर्ल्डकप पदक.

२०२३, हांगझोऊ : आशियाई पॅरा स्पर्धेच्या पहिल्याच दिवशी व्हीएल-२ मध्ये रौप्य, वेळ १ मिनिट ३.१४७ सेकंद. दुसऱ्या दिवशी केएल-२ मध्ये ५४.९६२ सेकंदांत सुवर्ण. तिचे पती मनीष कौरव यांनीही याच स्पर्धेत पुरुषांच्या केएल-३ प्रकारात कांस्य मिळवलं. या स्पर्धेत भारताने एकूण १११ पदकं जिंकली, त्यातली तीन या एका घरात आली.

२०२४ : जानेवारीत राष्ट्रपतींच्या हस्ते २०२३ सालचा अर्जुन पुरस्कार. सप्टेंबरमध्ये पॅरिस पॅरालिम्पिकच्या व्हीएल-२ अंतिम फेरीत पुन्हा आठवं स्थान.

आठव्या क्रमांकाचा अर्थ

आकडे वाचताना एक काळजी घ्यावी लागते. ही शर्यत उघड्या पाण्यावर होते. मागून वारा असेल तर वेळ कमी दिसते, समोरून असेल तर वाढते. म्हणून टोकियोची वेळ आणि हांगझोऊची वेळ थेट शेजारी ठेवून 'चार सेकंदांची सुधारणा' असा हिशेब मांडणं योग्य नाही. एकाच शर्यतीतलं अंतर मात्र खरं सांगतं. टोकियोत प्राची आणि विग्स यांच्यात सुमारे दहा सेकंदांचं अंतर होतं. एका मिनिटाच्या शर्यतीत दहा सेकंद म्हणजे कित्येक होड्यांची लांबी. आशियातलं पदक आणि पॅरालिम्पिकचं पदक यांच्यातली दरी इथे दिसते.

पण दुसरी बाजूही आहे. महिलांची वाआ शर्यत पॅरालिम्पिकमध्ये आली तीच मुळी टोकियोत. कयाकचा प्रवेशही २०१६ च्या रिओतला. म्हणजे प्राची अशा प्रकारात उतरली, ज्यात मार्ग दाखवायला आधीची भारतीय खेळाडू नव्हती. आठवी असली तरी दोन्ही वेळा ती अंतिम फेरीत होती, आणि ती फेरी उपांत्य शर्यतीतून कमवावी लागते.

पाण्यातल्या पॅरा खेळाशी मराठी वाचकाचं नातं मात्र जुनं आहे. भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण सांगली जिल्ह्यातल्या मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ मध्ये हायडेलबर्गला जिंकलं, तेही जलतरणात. पोहणं आणि वल्हवणं हे वेगवेगळे खेळ, पण पायांची साथ नसताना पाण्यावर स्वतःच्या जोरावर पुढे जाता येतं, ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच.

पुढे काय?

या खेळात वय लगेच आडवं येत नाही. पॅरिसमध्ये एमा विग्सने पुन्हा सुवर्ण जिंकलं तेव्हा ती ४४ वर्षांची होती. प्राची त्या वेळी २९ ची. २०२८ मध्ये लॉस एंजेलिसचं पॅरालिम्पिक होईल तेव्हा ती ३३ ची असेल. म्हणजे वेळ हातात आहे. प्रश्न उरतो तो त्या दहा सेकंदांचा. ते कमी व्हायचे तर खांद्यांच्या ताकदीबरोबर मापाची बैठक, चांगली होडी आणि जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंसोबत वारंवार शर्यती लागतात. आणि त्याच्याही आधी लागतो व्हीलचेअर पाण्याच्या काठापर्यंत नेता येईल असा एक धक्का. ज्या गावात तलाव आहे पण असा धक्का नाही, तिथली पुढची प्राची काठावरच राहते.