48 चे 12 करताना: कर्जत-खालापुरातल्या एका डबीचा इतिहास

ई-रिक्षाची सीट उचलून कधी बघितलंय? बॅटऱ्यांच्या शेजारी ॲल्युमिनियमची एक छोटी डबी असते, तीन-चार वायरी बाहेर आलेल्या. गॅरेजवाले तिला नुसतं ‘कन्व्हर्टर’ म्हणतात. मोटरला 48 व्होल्ट लागतात, हेडलाइट, हॉर्न आणि इंडिकेटर मात्र 12 व्होल्टचे. मधलं काम ही डबी करते. इलेक्ट्रिक बाइकमध्येही तीच असते, फक्त आकाराने लहान.

संशोधनाचा विषय शोधताना आपण अशा वस्तूकडे बघत नाही. मीही बघितलं नव्हतं. माथेरानवर लिहिताना माझ्या पहिल्या मसुद्यात एक वाक्य होतं: ‘2022 मध्ये कर्जत तालुक्यात नवे तंत्रज्ञान आले.’ वाक्य खोटं नाही, पण आळशी आहे. माथेरानमध्ये मोटारगाड्यांना बंदी. दस्तुरी नाक्यापासून पुढे चालत, घोड्यावर, नाहीतर माणसाने ओढलेल्या हातरिक्षातून जायचं. सर्वोच्च न्यायालयाने मे 2022 मध्ये प्रायोगिक ई-रिक्षांना परवानगी दिली, डिसेंबरात त्या धावल्या. ऑगस्ट 2025 मध्ये न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा असं सांगितलं. हा झाला वाहनाचा इतिहास. पण व्होल्टेज उतरवण्याचा प्रश्न या तालुक्यात किती जुना आहे, असं विचारलं की तारीख शंभर वर्षं मागे जाते.

1915 साली खोपोलीला टाटांचं जलविद्युत केंद्र सुरू झालं. लोणावळ्याच्या बाजूच्या तलावांचं पाणी पाचशे मीटरहून जास्त खाली सोडून वीज करायची आणि ती 1 लाख व्होल्टवर मुंबईला परळला पाठवायची. तिथे ती उतरवणं सोपं होतं, कारण वीज एसी होती. एसीचा प्रवाह सतत दिशा बदलतो, त्यामुळे ट्रान्सफॉर्मरच्या एका गुंडाळीतून दुसरीत वीज उतरते. 1922 मध्ये कर्जत तालुक्यातलं भिवपुरी केंद्रही सुरू झालं.

रेल्वेने मात्र वेगळी वाट धरली. जीआयपी रेल्वेने फेब्रुवारी 1925 मध्ये मुंबईत विजेची गाडी सुरू केली ती 1500 व्होल्ट डीसीवर. 1930 च्या आसपास हीच तार कर्जतवरून घाट चढून पुण्यापर्यंत गेली. आता अडचण बघा. डीसी प्रवाह एकाच दिशेने, एकसारखा वाहतो. ट्रान्सफॉर्मर त्याला दाद देत नाही. मग इंजिनातले दिवे, कंट्रोल सर्किट, बॅटरीचं चार्जिंग कशावर चालवायचं? उत्तर अवजड होतं: 1500 व्होल्टवर एक मोटर फिरवायची आणि तिच्या दांड्याला कमी व्होल्टचा जनरेटर जोडायचा. म्हणजे 1500 चे कमी करायला वीज आधी गतीत बदलायची आणि गतीची पुन्हा वीज करायची.

आजची डबी हे काम काहीही न फिरवता करते. आत एक इलेक्ट्रॉनिक स्विच सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करतो. एकूण वेळेच्या पाव भाग तो चालू राहिला तर 48 चे सरासरी 12 होतात, आणि कॉइल व कपॅसिटर मिळून ते झटके सपाट करतात. चढावर मोटरने करंट ओढला आणि बॅटरी 44 वर आली तर स्विच थोडा जास्त वेळ चालू राहतो. दिवा मंद होत नाही. हेच काम साध्या रेझिस्टरने केलं तर? 12 व्होल्टवर 5 अँपिअर म्हणजे दिव्या-हॉर्नला 60 वॉट, आणि उरलेल्या 36 व्होल्टपायी 180 वॉट नुसते उष्णतेत जातात.

पण तिसरा, फुकटचा वाटणारा मार्गही आहे, आणि माझ्या मते इतिहासकाराने तिथेच थांबायला हवं. लेड-ॲसिडवाल्या ई-रिक्षात 12 च्या चार बॅटऱ्या ओळीने जोडलेल्या असतात. मग डबी कशाला, शेवटच्या एका बॅटरीवरूनच दिव्याची वायर काढली की झालं! दिवे लागतात, पैसे वाचतात. मात्र मोटरचा करंट चारही बॅटऱ्यांतून सारखाच जातो आणि ही एक वरून दिव्यांचा भारही सोसते. ती जास्त उतरते. चार्जर चौघींना एकत्रच भरतो, म्हणून ती कायम अर्धपोटी राहते आणि बाकीच्या तिघी गरजेपेक्षा जास्त भरल्या जातात. काही महिन्यांत चौथी जाते आणि तिच्यामागे सगळा संच कमजोर पडतो. हातरिक्षा सोडून ई-रिक्षाचा हप्ता भरणाऱ्या माणसासाठी हा तपशील तांत्रिक राहत नाही. बॅटरी-संच हा त्याचा मोठा खर्च आहे. लिथियमच्या बंद पॅकमध्ये मधूनच वायर काढायची सोयच नसते, तिथे कन्व्हर्टर लागतोच.

आता एक सावधगिरी. घाटातलं इंजिन आणि माथेरानची रिक्षा एका परिच्छेदात आली की ‘परंपरा’ लिहायचा मोह होतो. मला झाला होता. पण त्या मोटर-जनरेटरपासून ही डबी जन्मली नाही. तिची मुळं ट्रान्झिस्टरमध्ये, आणि 1970 च्या दशकाअखेर बाजारात आलेल्या पॉवर मॉसफेटमध्ये आहेत. दोघांत सारखा आहे तो प्रश्न: डीसी खाली उतरवायचा कसा आणि त्याचा तोटा कोणी सोसायचा? रेल्वेत तो कंपनीने सोसला, कारण जनरेटरची देखभाल तिच्याच कारखान्यात होत होती. रिक्षात तो मालक-चालकावर येतो.

म्हणून तुमच्या प्रस्तावात ‘अमुक साली अमुक आले’ असं वाक्य दिसलं तर त्याखाली पेन्सिलने लिहा: कोणता प्रश्न सोडवायला, आणि आधी तो कसा सुटत होता? माझ्या प्रकरणाची सुरुवात आता 2022 ऐवजी 1915 मध्ये होते. सध्या मी वायरिंगच्या आकृत्या गोळा करतोय, कारण दिव्याची लाल वायर नेमकी कुठून निघते हे न्यायालयाच्या आदेशात सापडत नाही, आकृतीत सापडतं.