टिबुकलीचे कुळ

कल्याणच्या काळ्या तलावावर टिबुकली पहिल्यांदा पाहिली, तेव्हा ते बदकाचे पिल्लू असेल असेच मला वाटले होते. तपकिरी, इवलेसे अंग. बघता बघता बुडी मारते आणि भलतीकडेच वर येते. ठाण्याच्या खाडीत उतरणाऱ्या रोहित पक्ष्याशी, म्हणजे फ्लेमिंगोशी, तिचे नाते आहे असे तेव्हा कुणी सांगितले असते तर मी हसलोच असतो.

जाणत्यांनाही ते नाते दिसले नव्हते. १७५८ मध्ये लिनियसने जगातल्या साऱ्या पक्ष्यांचे सहा गट पाडले. लांब पायांचा रोहित बगळ्यांच्या पंगतीत गेला, टिबुकलीचे भाऊबंद बदकांच्या. पुढे रोहितावरून वाद चालूच राहिला. पाय बघावेत तर करकोच्याचे, बोटांमधले पडदे बघावेत तर बदकाचे! हक्स्लीने १८६७ मध्ये त्याला दोघांच्या मधोमध वेगळी जागा दिली. आपले सालिम अली आणि डिलन रिप्ले यांचा दहा खंडांचा ग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात निघाला. त्यात रोहित आणि टिबुकली पहिल्याच खंडात आहेत, पण मध्ये पेलिकन, बगळे, करकोचे यांची घरे. यात त्यांचा दोष नाही. त्या काळी नाते जुळवायचे ते हाडे, चोच, पिसे पाहूनच.

कविसंमेलनात माझे नाव पुकारले, की सूत्रसंचालक हमखास ‘उर्दू शायर’ म्हणतात. मला उर्दूत दोन ओळी धड लिहिता येत नाहीत. आमच्या घरात आजीपासून मराठीच. म्हणून पुढची हकीकत मला जरा जास्तच आवडते.

२००१ मध्ये डीएनएच्या तपासणीत रोहिताचे सर्वांत जवळचे नातलग निघाले ते टिबुकलीचे कुळ. करकोचे नाहीत, बदके नाहीत. सुरुवातीला पुष्कळांना ते पटेना. मग हाडे पुन्हा तपासली, तर त्यांतही खुणा सापडल्या. दोघांच्या अंड्यांवर खडूसारखा थर असतो, हेही ध्यानात आले. आज पक्ष्यांच्या ११ हजारांवर जाती अडीचशेच्या आसपास कुळांत मांडतात. त्यात ही दोन कुळे वेगळीच आहेत, पण आता शेजारी शेजारी.

ठाण्याच्या खाडीचा काही भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला, २०२२ मध्ये रामसर यादीत गेला. हिवाळ्यात ऐरोलीच्या पुलावरून जाताना लोक माना वळवून रोहित शोधतात. टिबुकलीसाठी कुणी मान वळवत नाही. ती तलावाच्या कडेला पाणवनस्पतींचे ओले घरटे करते आणि आपली चाहूल लागली, की अंड्यांवर ओला पाला ओढून पाण्याखाली जाते.