वाकळेचा सातबारा

आमच्या माण तालुक्यात तिला वाकळ म्हणतात. पुण्याकडं गेलं की तिची गोधडी होते. खाली कर्नाटकात उतरलं की कौदी. तान्ह्या लेकरासाठी केली तर दुपटं. नावं निरनिराळी, पण वस्तू एकच. जुनेराचे थर एकावर एक घालायचे आणि धावदोऱ्यानं शिवायचे, झालं अंथरूण-पांघरूण.

शेतकऱ्याच्या घरात इतिहास म्हणून जपलेला कागद म्हणजे सातबारा. जमीन कुणाची, पीक काय, बोजा किती, ते सगळं त्यात असतं. पण माझ्या आजीचं आणि पणजीचं नाव आमच्या कुठल्याच उताऱ्यावर नाही. त्यांनी जन्मभर रान केलं, नोंद मात्र पुरुषांची. त्या बायकांची नोंद कुठं सापडत असेल तर ती वाकळेत. म्हणून मी आमच्या घरातल्या वाकळांकडं कागदपत्रासारखा बघत आलो.

वाकळ ही काही फक्त आमच्या मुलखाची नाही. संस्कृतात चिंध्यांच्या वस्त्राला कंथा म्हणतात. बंगालात आजही शिवलेल्या जुनेराच्या पांघरुणाला कांथाच म्हणतात. उत्तर कन्नडच्या जंगलपट्ट्यातल्या सिद्दी बायका रंगीत तुकड्यांच्या वाकळा करतात आणि कोपऱ्यांना कापडी फुलं लावतात. फूल नसलं तर वाकळ नागडी, असं त्या मानतात. बुद्धाच्या काळात भिक्खू टाकलेल्या चिंध्या जोडून चीवर करत. मगध देशातली बांध घातलेली चौकोनी शेतं बघून बुद्धानं आनंदाला तशाच धर्तीचं चीवर करायला सांगितलं, असं विनयपिटकात आहे. म्हणजे रान आणि वाकळ यांचं नातं अडीच हजार वर्षांचं झालं. आपल्याकडं गाडगेबाबा अंगावर चिंध्याच घालत. लोक त्यांना गोधडे महाराज म्हणत.

आता ती शिवतात कशी ते सांगतो, कारण पुढच्या पिढीला हे सांगावंच लागणार आहे. नऊवारी लुगडं म्हणजे 27 फूट. त्याचे चार सारखे तुकडे केले की एकेक पावणेसात फुटांचा होतो. दोन तुकडे कडेला कड लावून जोडले की एक थर, उरलेल्या दोनांचा दुसरा. एक झाला तळ, दुसरा झाला तोंड. मधल्या पोटात धोतर, बंड्या, फाटके सदरे, चोळ्यांच्या बाह्या, जे असेल ते घालायचं. कुठं उंचवटा नको, कुठं खड्डा नको. वरच्या थराला लुगडं पुरलं नाही तर चौकोनी तुकडे कापून, एकमेकाला जोडून तोंड करायचं. या चौकोनात गुळेदगुडच्या खणाचा तुकडा हमखास असायचा, कारण चोळी काखेत फाटायची आणि पाठ शाबूत राहायची.

मग अंगण सारवायचं, वाकळ पसरायची, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवायचे. बायका चारी बाजूंनी बसायच्या. धावदोरा कडेनं सुरू करून फेर घेत घेत मध्यावर आणायचा. नांगरट आपण करतो तशीच. दोन ओळींत बोटाचं अंतर. मी एकदा हिशोब केला. सात फूट लांब, सात फूट रुंद वाकळेला साधारण 800 फूट धावदोरा लागतो. इंचाला तीन टाके धरले तरी 28,800 टाके होतात. आमच्या आईला हा आकडा सांगितला तर ती म्हणाली, "मोजत बसलो आसतो तर शिवली आसती व्हय?"

मध्यावर शेवटचा टाका पडायच्या आधी आई भाकरीचा कोरका तोडून वाकळेवर ठेवायची. पांघरूण उपाशी ठेवू नये, असं ती म्हणायची.

वाकळेचा हंगाम ठरलेला. ज्वारी काढून, मळून, कणगी भरली की चैत्र-वैशाखात बायकांना थोडी उसंत मिळायची. मृगाच्या आत वाकळ झाली तर झाली. एकदा पेरणी लागली की सुई खोचून गुंडाळायची आणि माळ्यावर टाकायची. म्हणून प्रत्येक घरात एखाद-दुसरी अर्धी वाकळ असायचीच. कधी पाऊस आला म्हणून, कधी घरात मयत झालं म्हणून, कधी दोरा संपला आणि आणायला पैसा नव्हता म्हणून. अर्धी वाकळ कुठं थांबली ते बघितलं की त्या वर्षी घरात काय झालं ते कळतं.

आमच्या घरातली सगळ्यात जुनी वाकळ आजीची. तिच्या पोटात दंड घातलेलं लुगडं होतं. दंड म्हणजे दोन फाटक्या लुगड्यांचे धड भाग जोडून केलेलं एक लुगडं. दुसऱ्या महायुद्धात कापड मिळेना झालं. 1943 पासून सरकारनं कापडावर कंट्रोल आणला. आजी सांगायची, त्या दिवसांत बायकांनी वाकळा उसवल्या आणि आतलं धडसं लुगडं काढून नेसल्या. शिवलेलं पांघरूण उसवायची पाळी यावी, म्हणजे टंचाई किती असेल त्याचा अंदाज करावा.

दुसरा थर मुंबईचा. आमचा चुलता गिरणीत होता. माणदेशातून घरटी एक माणूस मुंबईला असायचाच. दिवाळीला येताना तो वजनावर मिळणाऱ्या तुकड्यांचं गाठोडं आणायचा. कोऱ्या कापडावर निळ्या शाईचे शिक्के असायचे. ते शिक्के धुऊन धुऊन फिके झाले तरी वाकळेच्या पालथ्या बाजूला दिसत राहायचे. 1967 साली 11 डिसेंबरच्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा मी सहा-सात वर्षांचा असेन. त्यानंतर कित्येक रात्री आम्ही खळ्यात झोपलो, भर थंडीत. तेव्हा चार पोरं एका गिरणीच्या वाकळेखाली होतो, ते आठवतं.

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. चुलता गावी आला तो परत गिरणीत गेलाच नाही. गाठोडं यायचं बंद झालं. त्या वर्षी आईनं घातलेल्या वाकळेचं तोंड तयार आहे, पोट मात्र अर्धंच भरलंय. तेवढ्यात टेरिकॉट आलं. टेरिकॉट फाटत नाही, म्हणून शेतकऱ्याला ते परवडलं. पण वाकळेला ते चालत नाही. सुती लुगडं जितकं धुवाल तितकं मऊ होतं, घाम पितं. टेरिकॉट थराथरावरून सटकतं, आणि उन्हाळ्यात अंगाला चिकटतं. पुढं बाजारात रग आणि ब्लँकेटं स्वस्त झाली, आणि बायकांच्या हातातली सुई सुटत गेली.

या सगळ्यांत मला महत्त्वाची वाटते ती 1972 च्या दुष्काळातली अर्धी वाकळ. तिची हकिकत लिहून ठेवायलाच पाहिजे, कारण ती कुठल्याही सरकारी दप्तरात नाही.

त्या साली माणमध्ये कुसळंसुद्धा उगवली नाहीत. आमचं अख्खं गाव दुष्काळी कामावर होतं. पुरुष पाझर तलावाची माती ओढायचे, बायका खडी फोडायच्या. खायला लाल मिलो आणि पोरांना सुकडी. घरी असताना बायका आपापल्या आळीत. विहीर वेगळी, पाणवठा वेगळा. तेव्हा महारवाडा म्हणत, आता बुद्धवस्ती म्हणतात, तिथली बाई आमच्या उंबऱ्याच्या आत कधी आलेली मी पाहिलेली नव्हती. पण खडीच्या कामावर सावलीला बाभूळ एकच होती आणि ऊन सगळ्यांना सारखं होतं. पहिले पंधरा दिवस बायका बाभळीच्या दोन बाजूंना बसल्या. मग हळूहळू मधलं अंतर कमी झालं.

त्या वस्तीतली एक बाई कामावरच बाळंत झाली. मुलगी झाली. झाकायला काही नव्हतं. आईनं आपल्या लुगड्याचा पदर फाडून तिला गुंडाळलं. दुसऱ्या दिवशी बायकांनी ठरवलं की पोरीला दुपटं करायचं. जिच्याकडं जे होतं ते तिनं आणलं. कुणी चोळीची पाठ, कुणी नवऱ्याच्या मुंडाशाचा शेव. एकीनं परदेशी मदतीच्या धान्याची कापडी पिशवी आणली, तिच्यावर हातात हात दिलेलं चित्र होतं. आई वीतभर मापानं चौकोन कापायची आणि दुपारच्या सुट्टीत बायका ते जोडायच्या. आपला तुकडा त्यात असावा असं प्रत्येकीला वाटलं. दुपट्याची वाकळ झाली. 42 चौकोन झाले. ते मी स्वतः मोजलेत.

तोंड जोडून झालं, तळ लागला, कडेनं चार फेर धावदोऱ्याचे पडले. आणि 1973 चा पाऊस आला. चांगला आला. कामं थांबली, सगळी आपापल्या रानाला लागली. वाकळ आईकडं राहिली.

पुढच्या उन्हाळ्यात प्रश्न आला की शिवायला बसायचं कुणाच्या अंगणात? आमच्या अंगणात वस्तीतल्या बायका येणार नाहीत, आणि वस्तीत आमच्या आळीच्या बायका जाणार नाहीत. दुष्काळात हा प्रश्न पडला नव्हता, सुकाळात पडला. आईनं एकदा विषय काढला, तर आजी म्हणाली, "राहू दे आता. काम सरलं." आईनं वाकळ गुंडाळली आणि ट्रंकेत तळाला ठेवली. तिनं एकटीनं ती पुरी केली असती, तिचा हात तसा होता. पण केली नाही. विचारलं की म्हणायची, "ती माझी एकलीची न्हाई."

46 वर्षं ती ट्रंकेत होती. दरवर्षी नवरात्राच्या आधी सगळ्या वाकळा ओढ्यावर धुवायला निघायच्या, तेव्हा तिला ऊन दाखवायचं, कडूनिंबाचा पाला बदलायचा आणि परत ठेवायची.

2020 साली मार्चमध्ये टाळेबंदी लागली. मुंबई-पुण्याची माणसं गावाकडं आली, 1982 ला आली होती तशीच, हातात पिशवी घेऊन. त्यांना चौदा दिवस शाळेत ठेवायचं ठरलं. अंथरूण-पांघरूण कमी पडलं. दुकानं बंद. तेव्हा घरोघरच्या ट्रंका उघडल्या. आमच्या घरानं तयार होत्या त्या वाकळा दिल्या, आणि माझ्या बायकोनं न् सुनेनं अर्ध्या वाकळा काढून शिवायला घेतल्या. संपाच्या वर्षाची वाकळ आधी काढली. तिचं पोट भरायला सुनेनं पोरांचे जुने सुती सदरे आणि माझी धोतरं घातली. आठ दिवसांत झाली. आई तेव्हा ऐंशीच्या पुढं होती, डोळ्यांनी दिसत नव्हतं. ती बोटांनी चाचपून सांगायची, "हितं दोरा सैल पडलाय, उसवा."

शाळेत आलेल्या माणसांत बुद्धवस्तीतली एक बाई होती, मुंबईत घरकाम करणारी. तिच्या आईचं नाव कानावर पडलं आणि आईनं विचारलं, "खडीवर झाली ती का?" तीच होती. तिची आई वारून बरीच वर्षं झालेली. चौदा दिवस संपल्यावर आईनं तिला निरोप धाडला. ती आली आणि अंगणाच्या कडेला उभी राहिली. आई म्हणाली, "आत ये. तुजं दुपटं ऱ्हायलंय."

त्या उन्हाळ्यात ती वाकळ आमच्या अंगणात पसरली. ती बाई, माझी बायको, सून आणि शेजारची एक म्हातारी, जिनं 72 साली त्यात चोळीचा तुकडा दिला होता. चार बाजूंना चौघी, तोंडाला पदर बांधून. आळीत कुजबुज झाली. एक-दोघांनी मला रस्त्यात गाठून विचारलंही. मी म्हटलं, वाकळ आमची एकट्याची नाही, त्यामुळं शिवणारी माणसंही आमची एकट्याची नाहीत. त्यावर कुणी काही बोललं नाही, पण सगळ्यांना ते पटलं असंही नाही. गाव एका वाकळेनं बदलत नाही, हे मला कळतं. पाण्याचे नळ आता घरोघर आहेत, म्हणून पाणवठ्याचा प्रश्न दिसेनासा झालाय, एवढंच.

मृगाच्या आधी दोन दिवस शेवटचा टाका पडला. त्या बाईनंच घातला. आईनं कोरका ठेवला. टाळेबंदी उठल्यावर ती बाई वाकळ घेऊन मुंबईला गेली. दहा फुटांच्या खोलीत तिची नातवंडं त्यावर झोपतात, असं ती फोनवर सांगते.

आई पुढच्या वर्षी गेली. ट्रंकेत आता एकच अर्धी वाकळ आहे, आईनंच शेवटी घातलेली. तिचं तोंड झालंय, तळ राहिलाय. सून म्हणते, चैत्रात बसू. दोरा आणून ठेवलाय.