डाय काहून शिजत नाही?

परवा अमेरिकेतून नातीचा फोन आला. शाळेला सुटी लागतेय, विज्ञान स्पर्धेसाठी उन्हाळ्यात काहीतरी संशोधन करायचे आहे, विषय सुचवा म्हणाली. मी इतिहासाचा मास्तर, बी.ए. मराठी माध्यमातून. आमच्या अंजनगाव सुर्जीचे नाव इतिहासात आहे ते 30 डिसेंबर 1803 रोजी दौलतराव शिंद्यांनी इंग्रजांशी केलेल्या तहामुळे. तह विचारशील तर सांगतो म्हटलं, ती हसली. पण विषय डोक्यात राहिला.

तिच्याकडे ही प्रथा जुनी. वेस्टिंगहाऊस कंपनीच्या नावाची शालेय विज्ञान स्पर्धा 1942 मध्ये, ऐन महायुद्धात सुरू झाली. आपल्याकडे एनसीईआरटीने 1963 मध्ये दिल्लीपुरती विज्ञान प्रज्ञाशोध योजना काढली, पुढच्या वर्षी ती देशभर नेली. शिष्यवृत्त्या 350. लेखी परीक्षेसोबत मुलाने स्वतः केलेल्या प्रकल्पाचा अहवालही द्यावा लागे. मी तेव्हा शाळेतच होतो, पण आमच्या कानावर काही आले नाही. पुढे 1976 च्या फेरबदलात समाजशास्त्रे आत आली, प्रकल्प मात्र गेला. माझ्या मते तेव्हा चूक झाली. असो.

प्रकल्प परत आला तो 1993 पासून, राष्ट्रीय बाल विज्ञान परिषदेमुळे. दहा ते सतरा वर्षांच्या मुलांनी गट करून आपल्याच परिसरातला प्रश्न घ्यायचा आणि आपल्या भाषेत मांडायचा. मुख्य विषय दोन वर्षांसाठी ठरवून येई. 2004 आणि 2005 साठी होता पाणी. आमच्या शाळेत तेव्हा विज्ञानाची जागा रिकामी होती, म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडले.

2004 च्या उन्हाळ्यात मुले बोलावली. दर्यापूरकडच्या खेड्यातून येणारी नववीतली एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, "सर, आमच्या हिरीच्या पान्यात डाय काहून शिजत नाही?"

मी म्हणालो, "बाई, हे स्वयंपाकघरातलं झालं. काही मोठं सांग."

ती खाली बसली. मग आम्ही थर्माकोलचे घर केले, छतावरून नळी, खाली टाकी. पावसाचे पाणी साठवा! दिसायला छान. जिल्ह्यात त्या दिवशी अशी घरे कितीतरी होती. परीक्षकांनी मुलांना एकच विचारले, तुम्ही यात मोजले काय? कोणाला उत्तर देता आले नाही, मलाही नाही.

पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलढाण्यात खारपाणपट्टा आहे, हे मी भूगोलाच्या तासाला वर्षानुवर्षे सांगत होतो. त्या पोरीने तोच तर विचारला होता.

2005 च्या मे महिन्यात दुसरी मुले घेऊन तेच धरले. गावोगावच्या विहिरींचे पाणी बाटल्यांत आणले, जोडीला शहानूर धरणाचे नळाचे पाणी. एकाच पोत्यातली तुरीची डाळ, एकच गंज, एकच स्टोव्ह. दर पाच मिनिटांनी दाणा काढून बोटात चिरडायचा आणि वेळ लिहायची. माझ्या घरचा रॉकेलचा कोटा त्यात गेला, आणि सौ.ने जे ऐकवले ते इथे लिहीत नाही.

नळाच्या पाण्यात डाळ लवकर शिजली, ते अपेक्षितच होते. पण जिभेला सर्वांत खारट लागलेल्या विहिरीत सर्वांत जास्त वेळ लागला नाही. त्याहून कमी खारट पाण्यात डाळ टणक राहिली. मुलांना वाटले आपले चुकले, पुन्हा केले, तेच आले. शेवटी कॉलेजातल्या रसायनशास्त्राच्या एका प्राध्यापकांकडे गेलो. ते म्हणाले, खारट चव साध्या मिठाची. डाळ अडवतात ते कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार. दाण्याच्या पेशी चिकटवून ठेवणारे पेक्टिन ते घट्ट करतात. साबणाला फेस येऊ देत नाहीत तेही हेच. 'दुष्फेन पाणी' हा शब्द मुलांना पुस्तकातून पाठ होता. तो आपल्या विहिरीत आहे, हे मात्र त्या दिवशी कळले.

नातीला हे सगळे फोनवर सांगितले. तिच्याकडे केटलीत पांढरा थर बसतो म्हणे, तेच बघीन म्हणाली. मग विचारले, "आजोबा, त्या अहवालावर पहिल्या मुलीचं नाव होतं का?"

नव्हते. ती तेव्हा दहावीत गेली होती. दहावीच्या मुलांना आम्ही प्रकल्पाला घेत नसू.