न उघडलेलं टपाल

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

माझे मेहुणे, आम्ही त्यांना दाजी म्हणतो, सांगलीत पेट्या दुरुस्त करतात. पेट्या म्हणजे हार्मोनियम. भात्याचं कातडं बदलायचं, उतरलेले सूर पुन्हा लावायचे, ढिल्या झालेल्या पट्ट्या सारख्या करायच्या, हे त्यांचं काम. नवी पेटी वर्षाकाठी दोन-तीनच होतात. चाळीस वर्षं हे चाललंय. अलीकडं मात्र दुकानात गिऱ्हाईक कमी आणि बसायला येणारे जास्त, अशी अवस्था आहे. चहा अर्थातच दाजींचा.

२००९ साली माझ्या भाच्यानं, तेव्हा तो इंजिनिअरिंगला होता, दुकानाची एक वेबसाइट करून दिली. वर दुकानाचा फोटो, त्याखाली दाजींचा, आणि शेवटी एक चौकोन. नाव लिहा, ई-मेल लिहा, आपली चौकशी लिहा. शेजारी ‘पाहुण्यांची वही’. पुढं भाचा नोकरीला बंगळुरूला गेला. वेबसाइटचे पैसे त्याच्या खात्यातून दर वर्षी कापले जात राहिले, पण चौकशा ज्या पत्त्यावर जाऊन पडत होत्या तो पत्ता कोणी उघडलाच नाही. दाजींना वाटे तो बघत असेल, त्याला वाटे कोण कशाला विचारतंय! गेल्या गणपतीत घरी आला असताना त्यानं सहज उघडून पाहिलं. आत अकराशेच्या वर पत्रं.

बहुतेक सगळा कचरा होता. स्वस्तात कर्ज देणारे, वजन कमी करून देणारे, तुमची वेबसाइट पहिल्या पानावर आणतो म्हणणारे. दोन संध्याकाळी आम्ही दोघं ते निवडत बसलो, तांदळातले खडे निवडावेत तसे. फक्त इथं खडेच फार आणि तांदूळ थोडे. खरी विचारणा करणारी माणसं निघाली २३. इंदूरच्या एका बाईंनी विचारलं होतं, ‘आईची पेटी आहे, भाता हवा धरत नाही, पाठवली तर दुरुस्त होईल का?’ अमेरिकेतल्या एका गृहस्थांना मुलीसाठी पेटी हवी होती. एकानं लिहिलं होतं, वडिलांच्या पंच्याहत्तरीला त्यांची जुनी पेटी वाजती करून द्यायची आहे, दोन महिने हातात आहेत. त्या पत्राला चार वर्षं होऊन गेली होती.

याशिवाय पाहुण्यांच्या वहीत ५८ नावं होती. ‘छान साइट’, ‘दाजींना नमस्कार’ एवढंच लिहून खाली पत्ता देणारी.

भाचा म्हणाला, “मामा, सगळे मिळून एक्क्याऐंशी पत्ते आहेत. एक दरपत्रक तयार करतो आणि रात्रीत सगळ्यांना पाठवून देतो. दहा जण आले तरी दिवाळीपर्यंत काम पुरेल.” दाजी पट्टीवर बोट ठेवून सूर ऐकत होते. मान वर न करता म्हणाले, “मास्तर, तुम्ही इतिहास शिकवलाय ना जन्मभर? मग तुम्हीच सांगा. चार वर्षांनी उत्तर दिलं तर माणूस काय म्हणेल?”

प्रश्न दुकानाच्या पोटाचा होता, म्हणून थट्टेवारी नेता येईना. मी घरी येऊन वाचायला बसलो. न मागता आलेल्या निरोपाचा इतिहास वाटतो त्यापेक्षा जुना आहे.

१८६४ सालची गोष्ट. लंडनमध्ये तार ही अजून अप्रूपाची वस्तू होती आणि रात्री दारात तारवाला आला की घरच्यांच्या छातीत धस्स होई. अशाच एका संध्याकाळी शहरातल्या काही बड्या राजकारणी मंडळींच्या घरी तारा आल्या. घाईघाईनं फोडून बघतात तो काय, गॅब्रिएल नावाच्या दंतवैद्यांचा दवाखाना ऑक्टोबरपर्यंत दहा ते पाच उघडा राहील, ही वर्दी! त्यातल्या एकानं चिडून ‘टाइम्स’ला पत्र लिहिलं. दंतवैद्यांनी खोटं काहीच सांगितलं नव्हतं. पण तारेच्या अंगात जी निकड असते ती त्यांनी आपल्या कामासाठी उसनी घेतली होती, तीही न विचारता.

ई-मेलचा पहिला मोठा प्रसंग १९७८ चा. तेव्हा आजचं इंटरनेट नव्हतं. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशावर चाललेलं ‘अर्पानेट’ नावाचं जाळं होतं. विद्यापीठं, प्रयोगशाळा, सरकारी कचेऱ्या यांतले दोन-अडीच हजार लोक त्यावर होते आणि त्यांच्या पत्त्यांची छापील डिरेक्टरी निघत असे. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन ही मॅसॅच्युसेट्समधली संगणक कंपनी. पूर्व किनाऱ्यावर तिचा जम चांगला, पश्चिमेला बेताचा. तिच्या विक्री विभागातल्या गॅरी थर्क यांना आपले नवे संगणक कॅलिफोर्नियातल्या लोकांना दाखवायचे होते. ९ मे रोजी लॉस एंजलिसला आणि ११ मे रोजी सॅन मटेओला प्रात्यक्षिकं ठरली. आता बोलावणं कसं करायचं? एकेकाला फोन करायचा, एकेकाला पत्र घालायचं, फार वेळ जाणार. त्यापेक्षा डिरेक्टरीतले पश्चिमेकडचे सगळे पत्ते काढून एकच पत्र सर्वांना का धाडू नये? ३ मे १९७८ रोजी ते पत्र सुमारे चारशे जणांच्या पुढ्यात पडलं.

गंमत म्हणजे पत्ते हातानं टाइप केले होते आणि त्या प्रोग्रॅममध्ये ३२० च मावत होते. उरलेले पत्ते ओसंडून पत्राच्या मजकुरातच घुसले. म्हणजे मिळणाऱ्याला आधी नावांची लांबलचक यादी, मग आमंत्रण. आपल्याकडं लग्नपत्रिकेत निमंत्रकांचीच नावं दीड पान असतात, त्यातला प्रकार.

तक्रारी लगेच आल्या. हे जाळं फक्त सरकारी कामासाठी आहे, हा नियमाचा उघड भंग आहे, अशी समज व्यवस्थापनाच्या बाजूनं एका मेजरसाहेबांनी दिली. रिचर्ड स्टॉलमन हे पुढं मोफत सॉफ्टवेअरच्या चळवळीमुळं गाजलेले गृहस्थ. त्यांना ते पत्र मिळालं नव्हतं, म्हणून आधी त्यांनी त्याची बाजू घेतली. मग कोणीतरी त्यांना मूळ पत्र दाखवलं, तेव्हा त्यांनी आपले शब्द मागं घेतले! न मिळालेल्या पत्राबद्दल उदार राहणं सोपं असतं.

पण एक गोष्ट झाकून चालणार नाही. थर्क यांनी नंतर मुलाखतींमधून सांगितलं, की त्या पत्रामुळं कंपनीचे एक कोट तीस-चाळीस लाख डॉलरचे संगणक खपले. आकडा त्यांचाच, पण तो सोडून दिला तरी धंदा झाला यात शंका नाही. भाच्याला हे मी प्रामाणिकपणं सांगितलं. त्याचे डोळे चमकले. “बघा मामा!”

“बघतोय,” मी म्हणालो, “पण त्या वेळी पेटीत दिवसाला किती पत्रं येत असतील?” चारशे जणांच्या शांत अंगणात पहिल्यानं ओरडणाऱ्याचं सगळ्यांना ऐकू जातं. १९९४ च्या एप्रिलमध्ये ॲरिझोनातल्या कँटर आणि सीगल या वकील दाम्पत्यानं ‘ग्रीन कार्ड’च्या सोडतीची जाहिरात हजारो चर्चागटांत एकदम टाकली. लोक संतापले, तर त्यांनी माफी मागायची सोडून असा धंदा कसा करावा यावर पुस्तक काढलं. तोवर अशा पत्रांना ‘स्पॅम’ हे नाव पडलं होतं. मूळचा हा डबाबंद मांसाचा एक प्रकार, १९३७ साली बाजारात आलेला. इंग्लंडमधल्या विनोदी कलाकारांनी १९७० साली एका प्रवेशात त्या नावाचा इतका घोष केला, की बाकी बोलणंच बुडून गेलं. म्हणून हे नाव. बाकी बोलणं बुडून जाणं, नेमकी हीच तर आमची अवस्था झाली होती. इंदूरच्या बाईंचं पत्र अकराशे कर्जवाल्यांच्या खाली गाडलं गेलं ते याच मंडळींच्या कृपेनं. अर्थात दोष सगळा त्यांच्यावर ढकलण्यात अर्थ नाही. पेटी आम्ही उघडली नव्हती.

आपल्याकडचा टपालाचा धंदा वेगळ्या वाटेनं वाढला. १८७७ साली हिंदुस्थानात व्ही. पी. सुरू झाली. माल टपालानं यायचा, पैसे पोस्टमनच्या हातात द्यायचे, ते विकणाऱ्याला पोचायचे. १८७९ साली पाव आण्याचं कार्ड आलं. वर्तमानपत्रांतून जाहिराती येऊ लागल्या, ‘सूचिपत्र मागवा’. यातल्या ‘मागवा’ या शब्दावर माझं बोट अडकलं. पहिलं पाऊल गिऱ्हाइकानं टाकायचं. त्यानं कार्ड लिहायचं, मग दुकानदारानं उत्तर द्यायचं. जोडकार्डात तर उत्तराचं कार्ड प्रश्नालाच चिकटून येई, पैसे आधीच भरलेलं. ते उत्तर न धाडणं म्हणजे दुसऱ्याचं कार्ड दाबून ठेवणं. आमच्या चौकोनात येऊन पडलेली २३ पत्रं ही अशी जोडकार्डंच होती.

आमच्या सांगलीपासून किर्लोस्करवाडी लांब नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली बेळगावात लोखंडी नांगर केला, तेव्हा शेतकरी तो घ्यायला तयार नव्हते. लोखंडानं जमीन नासते असा समज होता. नांगर पडून राहिले. ज्याला वस्तू नको आहे त्याला ती पटवून देणं किती कठीण, हे त्या घरानं भोगलं होतं. १९१० साली वाडी वसली, कारखाना वाढला, आणि १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढलं ते गिऱ्हाइकं आणि विक्रेते यांच्याशी संबंध राहावा म्हणून. हेही एका अर्थानं जाहिरातीचंच पत्रक. पण ते ज्यांच्यासाठी होतं त्यांचा कारखान्याशी आधीच काही व्यवहार होता, आणि त्यात वाचण्यासारखं असे. लोकांनी ते इतकं आपलंसं केलं की त्याचं मराठीतलं एक नावाजलेलं मासिक झालं.

कायद्यांचंही थोडं बघून घेतलं. अमेरिकेनं २००३ साली केलेला कायदा म्हणतो, धंद्याचं पत्र पाठवा, पण समोरचा नको म्हणाला की थांबा. युरोपनं २००२ साली उलटा नियम केला, आधी परवानगी घ्या. जुन्या गिऱ्हाइकापुरती थोडी सूट. आपल्याकडं २००३ नव्हे, २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याचा गाभा मला समजला तो असा, की माणसानं ज्या कामासाठी पत्ता दिला त्याच कामाला तो वापरावा. म्हणजे पुन्हा जोडकार्डच. भात्याबद्दल विचारणाऱ्याला भात्याबद्दल सांगा. त्याचं नाव आपल्या खातेवहीत कायमचं चढवू नका.

मग ठरलं. पाहुण्यांच्या वहीतली ५८ नावं सोडून द्यायची. त्यांनी नमस्कार केला होता, दर विचारला नव्हता. भाच्याला हे जड गेलं, आणि खरं सांगतो, मलाही गेलं. ५८ मधून दोन पेट्या तरी आल्या असत्या. पण दाजी म्हणाले, “देवळात भेटलेल्या माणसाला मी कधी बिल दिलंय?” विषय संपला.

२३ जणांना मात्र वेगवेगळी पत्रं लिहायची, प्रत्येकाला त्याच्या प्रश्नाचं उत्तर. पत्राच्या सुरुवातीला सरळ कबुली, की आपण अमुक महिन्यात विचारलं होतं, पत्र आम्ही उघडलंच नाही, चूक आमची आहे. आता गरज नसेल तर उत्तर देण्याची तसदी घेऊ नये, पुन्हा लिहिणार नाही. दरपत्रक जोडायचं नाही. दाजी सांगत गेले, भाच्यानं लिहिलं, मी ऱ्हस्व-दीर्घ पाहिलं. तेवढ्यासाठी तीन दिवस लागले. पंच्याहत्तरीवाल्या गृहस्थांना लिहावं की नाही यावर एक अख्खी संध्याकाळ गेली. वडील हयात नसले तर? शेवटी त्यांनाही लिहिलं. चार ओळी, आणि त्यात काम मागितलं नाही.

सहा पत्रं पत्ता बंद म्हणून परत आली. अकरांकडून काहीच नाही. तिघांनी आभार मानून कळवलं, काम दुसरीकडं झालं. अमेरिकेतल्या गृहस्थांनी लिहिलं, मुलगी आता गिटार शिकते.

पंच्याहत्तरीवाल्यांचं उत्तर नवव्या दिवशी आलं. वडील आता एकोणऐंशी वर्षांचे आहेत. पेटी त्या वेळी दुरुस्त झाली नाही ती नाहीच, माळ्यावर आहे. ऐंशी पुढच्या चैत्रात. जमेल का?

आणि इंदूरच्या बाईंनी तर आधी पेटीच पाठवली, पत्र तिच्या आत ठेवलं होतं. दाजींनी फळी उघडली. भाता फुटला नव्हता, उंदरांनी एका कोपऱ्यात कुरतडला होता. सूर सगळे शाबूत. “दोन दिवसांचं काम,” ते म्हणाले, आणि भाच्याला कातडं आणायला पिटाळलं.