सार्वजनिक काकांची खादी

श्रोतेहो, हुडकेश्वरकडच्या शेतकऱ्याला कापसाचे वेगळे काय सांगावे? पण वऱ्हाड-नागपुराकडचा हाच कापूस एके काळी विलायतेला जाई, कापड होऊन परत येई, आणि ते विकत घ्यायचे आपणच! पुण्याचे वकील गणेश वासुदेव जोशी, म्हणजे ‘सार्वजनिक काका’, यांना हे खुपले. 1872 साली त्यांनी हातकताईची खादीच वापरण्याची शपथ घेतली. गांधीजी तेव्हा तीन वर्षांचेही नव्हते बरं का!

1 जानेवारी 1877 ला व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर करायला दिल्लीत दरबार भरला. भरजरी राजेरजवाड्यांच्या त्या थाटात काका गेले ते खादी नेसून. आणि त्याच दिवशी इकडे नागपुरात जमशेटजी टाटांची गिरणी सुरू झाली. कापड देशी, नाव मात्र त्याच राणीवरून, ‘एम्प्रेस’! गुरुजी, वर्गात ही गंमत जरूर सांगा.

पण बहिष्काराची झळ घालणाऱ्यालाही लागते. ऑक्टोबर 1905 मध्ये पुण्यात विलायती कपड्यांची होळी पेटली. आता चार धोतरे असणाऱ्याने एक जाळणे निराळे. ज्याच्याजवळ एकच आहे, त्याने काय नेसावे? डिसेंबर 1920 मध्ये नागपूरच्या काँग्रेसने असहकाराचा ठराव केला, त्यात बहिष्काराबरोबर घरोघर सूत कातणेही सांगितले होते, ते उगीच नव्हे.